हत्यारासारखं जपा

नऊ व्होल्टचा सेल जिभेला लावला की आंबट लागतो.

हळदीचे सौदे सुरू असले की मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी दुपारपर्यंत पिवळ्या पडतात. धुतल्यावर लाल होतात. मग उन्हात पुन्हा पांढऱ्या.

साबणाची डबी. गुलाबी. तळाला पाणी निथळायला चार भोकं.

डाव्या कानाच्या भोकाशी, आत वळणाऱ्या खोलगट वाटीत, कातडीच्या लगेच खाली एक शीर असते. ती मेंदूला जाऊन मिळते, आणि तिचीच दुसरी वाट मानेतून उतरत काळजापर्यंत जाते. कानापासून काळजापर्यंत दोन वीत अंतर.

"मॅडम, डोकं वर काढू नका."

पाठीवर कुणीतरी आहे.

पाठीवर म्हणजे अख्खा माणूस. १९९५चा मार्च, सांगलीचं एस. टी. स्टँड, दुपारचे सव्वाचार, आणि क्षमा फलाटावर पालथी पडली आहे, दातांत धूळ, आणि एक अनोळखी माणूस तिच्या कानाशी अगदी शांत आवाजात, पोस्टाच्या खिडकीतून सांगावं तसं सांगतो आहे की डोकं वर काढू नका. झालं एवढंच होतं की वळण घेणाऱ्या एका गाडीचा टायर फुटला होता. फाट. लोकांनी माना वळवल्या होत्या आणि पुन्हा सरळ केल्या होत्या. हा एकटाच माणूस जमिनीवर गेला होता, आणि जाताना शेजारी उभ्या असलेल्या बाईला बरोबर घेऊन गेला होता. मग पुष्कळ हात आले. त्याला ओढून काढलं, एकाने कॉलर धरली, दुसऱ्याने दोन मुस्काटात ठेवून दिल्या. बायकांच्या अंगावर पडतो भाडखाऊ. तो हात उचलत नव्हता. खाली पडलेल्या एक्स-रेच्या तपकिरी पाकिटाकडे बघत होता, आणि त्याच्या उजव्या हाताची पाठ सोलून निघाली होती. क्षमाने ती पाहिली. तिच्या कपाळाला काहीच लागलं नव्हतं, कारण कपाळ आणि सिमेंट यांच्यामध्ये तो हात होता. हे तिला तेव्हाच कळलं होतं, नंतर नाही, त्याच क्षणी, आणि तरीही ती आधी आपल्या पिशवीत हात घालून मिरजेच्या दवाखान्यात पोचवायचं मशीन फुटलं नाही ना हे चाचपत होती. एक, दोन, तीन. पुढे कितीदा तरी तिने मनात मोजून पाहिलं. आठ आकडे होतात. आठ आकडे ती गप्प बसली आणि त्यात त्याला दोन बसल्या. मग म्हणाली, "सोडा त्यांना. ओळखीचे आहेत."

ओळखीचे. उसाच्या रसाच्या गाड्यामागे बाकावर बसून त्या ओळखीच्या माणसाने नाव सांगितलं. जोतीराम. गाव जावळीत, मेढ्याच्या वर, डोंगरात. आता राहायला मलकापूरला, खोली घेऊन, कारण कऱ्हाडच्या बाजूच्या एका साखर कारखान्यावर गेटला वॉचमन. त्याआधी चौदा वर्षं फौजेत. शेवटी श्रीलंकेत. बायकोचे एक्स-रे घ्यायला मिरजेला आला होता. एवढं सांगून त्याने रसाचा ग्लास उचलला.

"कानाखाली बसली त्याचं काय न्हाई," तो म्हणाला. "त्यांच्या जागी मी असतो तर मीबी दिली असती."

"श्रीलंकेत काय झालं?"

"रस्ता होता. सुरुंग होता." त्याने रस संपवला. "शेजारच्यानं डोकं वर काढलं."

यापलीकडे त्याने कधी सांगितलं नाही, पुढच्या सात महिन्यांतही नाही, आणि तिनेही विचारलं नाही. जे सांगितलं ते कारखान्याचं. कारखान्यावर भोंगा होता. वाफेचा काढून आता विजेचा बसवला होता, तो हळूहळू चढत नाही, एकदम फुटतो. दिवसातून चार वेळा. गेल्या हंगामात जोतीराम ऊस वजनाच्या काट्याखाली शिरला होता. एकदा नाही. पहिल्यांदा बैलगाडीवाले घाबरले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा भोंग्याची वाट बघत थांबले. सुरक्षा अधिकारी लालासाहेब स्वतः निवृत्त सुभेदार. त्यांनी हंगाम संपताना बोलावून सांगितलं होतं की गड्या, मला समजतंय, पण संचालकांना मी काय सांगू. दसऱ्याला बॉयलर पेटंल, चेअरमन गेटनं आत येतील, पहिला भोंगा हुईल. तवा उभा ऱ्हायलास तर नोकरी तुझी. खाली गेलास तर माझाबी इलाज न्हाई.

"आणि गेली नोकरी तर?"

"तर गावाकडं जायाचं. आन् गावात समदे फौजी. घरटी एक." तो पहिल्यांदा हसला. "तितं खाली पडायला मला जागाच न्हाई."

क्षमाच्या दारावरच्या पाटीवर 'विष्णुपंत आणि कंपनी' असं आहे. विष्णुपंत म्हणजे वडील, रेडिओ दुरुस्त करणारे. कंपनी म्हणजे क्षमा. वय छत्तीस, लग्न नाही, पुण्याची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी. दुखऱ्या गुडघ्याला, आखडलेल्या खांद्याला विजेचे बारीक ठोके देणारी मशीनं ती बनवते आणि मिरजेचे दवाखाने ती घेतात. फोनवर लोक विचारतात, साहेब आहेत का? ती म्हणते, बोलतेय. मग पलीकडे जी शांतता पसरते तिच्यात एक गोड चव असते, नऊ व्होल्टच्या सेलसारखी, आंबट-गोड, आणि ती चव तिला आवडते हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. बाहेरच्या देशातून आलेली, बंद पडलेली मशीनं उघडून ती आतली चूक शोधते तेव्हाही तीच चव. पण स्वतःचं म्हणावं असं, आधी कुठेच नव्हतं असं, तिच्या हातून अजून काही झालं नव्हतं. जोतीरामची सोललेली हाताची पाठ आणि हे न झालेलं काही, दोन्ही एकाच दिवशी तिच्या डोक्यात घुसली, आणि कोणतं कोणामुळे हे तिला कधीच नीट वेगळं करता आलं नाही. दया होती की भूक होती. आठ आकड्यांचं प्रायश्चित्त होतं की संधी. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर भार्गवी, शाळेत तिच्याच वर्गातल्या, त्यांना तिने सगळं सांगितलं तेव्हा भार्गवी म्हणाल्या, याला नाव आहे, आघातानंतरचा ताण, इंग्रजीत चार अक्षरांत मावतो, आपल्याकडे चार माणसांत मावत नाही. शरीराला अजून वाटतं की ते तिथेच आहे. गोळ्या मी देईन. पण आकडीच्या रोग्यांना मानेतल्या शिरेला यंत्र जोडून ठोके देतात, परदेशात, छाती कापून. त्या शिरेची एक फांदी कानात येते. कानाला काही कापावं लागत नाही.

कानाला काही कापावं लागत नाही. हे वाक्य घेऊन ती घरी आली आणि जेवताना तिने वरणात मीठ दोनदा घातलं.

मग एप्रिल, मे, जून. यंत्र अंगावर बाळगता आलं पाहिजे, गेटवर उभ्या असलेल्या माणसाला, आठ तास. म्हणजे साबणाची डबी, खाकी शर्टाच्या आत, पट्ट्याला. डबीतून बारीक वायर पाठीवरून कॉलरपर्यंत, कॉलरमधून टोपीत, टोपीतून कानात. कानाला चिमटा हवा. सराफ कट्ट्यावर तिने चापाची कानातली बनवणारा कारागीर शोधला, चांदीचा चिमटा करून घेतला, एकच, डाव्या कानाचा. कारागिराने विचारलं, दुसरा? ती म्हणाली, दुसरा कान मोकळा आहे. ठोका असा की टोचू नये, फक्त मुंगी चालल्यासारखं वाटावं. आणि तो सारखा नाही. चार आकडे शांतता, सहा आकडे मुंगी, पुन्हा शांतता. मुंगी चालते तेव्हा श्वास सोडायचा. हे भार्गवींनी ठरवलं, श्वास सोडताना काळजाची गती उतरते म्हणून, आणि ते आकडे सर्किटमध्ये बसवायला क्षमाला सतरा दिवस लागले. भार्गवींनी आधी स्वतःच्या कानाला लावून घेतलं, तपासायला आलेल्या रोग्यांनी विचारलं तर नवीन फॅशन म्हणून सांगितलं. विष्णुपंत खुर्चीतून बघत होते. "एका माणसासाठी एक यंत्र," ते म्हणाले. "याला धंदा म्हणत नाहीत, क्षमा. नवस म्हणतात."

"नवस फेडतात, बाबा. मी बनवतेय."

जूनअखेर कार्यशाळेत जोतीरामने चिमटा तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला. शालूबाई, त्याची बायको, शेजारी पदर तोंडाला लावून बसली होती, पण डोळे हसत होते.

"बुगडी हाय की ही," तो म्हणाला.

"भिकबाळी समजा," क्षमा म्हणाली.

"ती भटाबामणांची. आमच्यात गेटवर भिकबाळी घालून उभा ऱ्हायलो तर ट्रॅक्टरवालं शिट्ट्या मारतील."

"कानाचं मशीन आहे म्हणून सांगा. कमी ऐकू येतं म्हणून."

"आवं ताई, भैरा वॉचमन कोण ठेवंल?" त्याने चिमटा कानाशी धरून पाहिला. "पर येड्यापरीस भैरा बरा. लावा."

तिने चिमटा लावला. बटण दाबलं. डबीच्या कडेला मुगाएवढा लाल दिवा लागला. त्याचे डोळे आधी बारीक झाले, मग दूर कुठेतरी गेले, मग परत आले. मुंगी, तो म्हणाला. आन् थांबली. आन् आली. तिने त्याला एक वही दिली. रोज लिहायचं. आणि तो निघताना, दारात, सहज, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "पाणी, धूळ लागू देऊ नका. फौजेत हत्यार जपत होता तसं जपा."

तो टाचा जुळवून म्हणाला, "हत्यारासारखं. बरोबर."

वही तिच्याकडे अजून आहे. अक्षर फौजेच्या शाळेतलं, उभं, कुठे काना सुटत नाही.

दि. २ जुलै. मशीन सकाळी २० मिनिटे. शेजारी फरशी पडली. खाली गेलो.

दि. १९ जुलै. शेजारी भांडण. पातेले फेकले. खाली गेलो. लवकर उठलो.

दि. ८ ऑगस्ट. टेम्पोचा सायलेन्सर. वाकलो. गेलो नाही.

दि. १५ ऑगस्ट. शाळेत झेंड्यास गेलो. बँड. मशीन लावून. उभा.

दि. १६ ऑगस्ट. शालू म्हणाली, काल तुम्ही गाणे म्हटले. मला माहीत नाही.

या पंधरा ऑगस्टच्या ओळीवर क्षमा कितीतरी वेळ बोट ठेवून बसली. उभा. एक शब्द. तिने आयुष्यात बनवलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये हा शब्द सर्वांत चांगला उतरला होता. ती वही घेऊन बाबांकडे गेली, त्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि संध्याकाळी घाटावर ओळखीच्या माणसाला सांगताना तिने ऐकलं, आमच्या क्षमाने एक यंत्र केलंय, हिंदुस्थानात दुसरं नाही. ते खोटंही असेल. कुठेतरी कुणीतरी करत असेल. तरी कृष्णेच्या पाण्याकडे तोंड करून ती उभी राहिली आणि पाठ आपोआप सरळ झाली, झेंड्यासमोर होते तशी, आणि त्या पाठीवर मार्चमधलं वजन अजून होतं, पण आता ते वजन राहिलं नव्हतं. पाठीला कुणीतरी टेकून बसावं तसं काहीतरी. तिला भीती वाटली ती याचीच, की इतका आनंद त्याच्या बरं होण्याचा आहे की आपण बरं केलं याचा.

खंडेनवमीला कार्यशाळा बंद. विष्णुपंतांनी मेन स्विच खाली ओढला, पक्कड, पाने, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, सगळं पुसून पाटावर मांडलं. ऑसिलोस्कोप पाटावर मावत नाही म्हणून त्याला जागच्या जागी झेंडूचं फूल. हळद, कुंकू, अक्षता. आज हत्यार उचलायचं नाही. क्षमा दरवर्षीप्रमाणे मल्टिमीटरला कुंकू लावताना टोकं चुकवून बाजूच्या प्लास्टिकला लावत होती, कारण टोकांना ओल लागली की संपलं, हे तिला माहीत होतं. अंगवळणी पडलेली गोष्ट. त्या वेळी मलकापूरच्या खोलीत आणखी एक पाट मांडला जात होता हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

दसऱ्याला सकाळी तिने पहिली गाडी धरली. सणाचं घर सोडून, बाबा म्हणाले. दुपारी सोनं द्यायला येते, ती म्हणाली. कारखान्याच्या गेटला केळीचे खुंट, आंब्याची तोरणं, गुळगुळीत दाढी केलेले लोक, पांढऱ्या टोप्या, बँडवाले. जोतीराम गेटच्या दांड्याशी उभा, खाकी कडक, टोपी बसलेली, टोपीखाली चांदीचा एक कण. तिला पाहून त्याने सलाम केला. शालूबाई नव्या लुगड्यात बाजूला उभी होती, तिने क्षमाचा हात धरला आणि हसत सांगितलं, "आवं ताई, काल पाटावर समद्यांच्या मदी तुमची डबी ठिवली. विळा, कुऱ्हाड, ह्यांचा पट्टा, काठी, आन् मदी डबी. म्हणलं, ह्यांचं खरं हत्यार हेच. दूधपाणी शिंपडलं. हळदकुंकू चांगलं भरून लावलं. कालचा दीसभर कुणी हात न्हाई लावला."

दूधपाणी. चार भोकं. क्षमाने त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. शर्ट किंचित वर सरकला होता, गुलाबी कड दिसत होती, तिच्यावर कुंकवाचा जाड, वाळलेला पट्टा, आणि दिव्याच्या जागी दिवा होता पण तो लागलेला नव्हता. हत्यारासारखं जपा. तिनेच सांगितलं होतं. या मुलखात हत्यार जपायचं म्हणजे वर्षातून एक दिवस काय करतात हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं, तिच्या बोटांना अजून कालची हळद होती. चेअरमनची गाडी वळणावर दिसली. बँड थांबला. सांगावं. डबी बंद आहे, टोपी काढा, आत चला, लालासाहेबांना मी समजावते. सांगितलं तर तो आत्ता, इथे, उभ्या उभ्या कोसळेल, आणि नाही सांगितलं तर आणखी दोन मिनिटांनी. एक, दोन, तीन, ती पुन्हा मोजत होती. आणि मोजता मोजता, पाच आणि सहाच्या मध्ये, तिच्या डोक्यात एक शब्द उमटला, तिच्याच आवाजात, स्पष्ट, फोनवर बोलतेय म्हणावं तसा.

पड.

पडला तर यंत्र खरं. मुंगी होती तोवर उभा होता, मुंगी नाही तर खाली, यापेक्षा चांगला पुरावा भार्गवीलाही मिळणार नाही. उभा राहिला तर मग सात महिने काय केलं आपण, साबणाच्या डबीत काय भरलं. पड. हा शब्द तिने ढकलला नाही, तो होता, आणि ती त्याच्याबरोबर उभी होती, आणि मग भोंगा फुटला.

झाडांवरचे बगळे उठले. लालासाहेबांनी मान वळवली, काटेवाल्यांनी वळवली, दोन बैलगाडीवाले आधीच वळून उभे होते. जोतीरामचे गुडघे वाकले. एवढेसे, चार बोटं. दांड्यावरच्या हाताच्या शिरा वर आल्या. त्याचे ओठ हलत होते. क्षमाने ओठ वाचले, कारण ते आकडे तिने सतरा दिवस सर्किटमध्ये कोंबले होते: चार थांबायचं, सहा सोडायचं. चार. सहा. मुंगी नव्हती. मुंगी तो स्वतःच चालवत होता. चार. सहा. गुडघे हळूहळू सरळ झाले, पाण्यातून वर यावेत तसे, आणि भोंगा वाजतच होता तेव्हा चेअरमनची गाडी आत आली आणि जोतीरामने दांडा वर केला, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. बैलगाडीवाल्यांपैकी एक म्हणाला, "औंदा न्हाई व्हय खेळ?" शालूबाई रडत नव्हती. तिने लुगड्याचा काठ नीट केला.

क्षमाच्या डोक्यातला तो शब्द कुठे गेला हे तिला कळलं नाही. मागे राहिलं ते वेगळंच होतं, छातीत गरम, आणि त्याला गर्व म्हणायचं तर तो कुणाचा, तिचा, त्याचा, की त्या चार आणि सहाचा, जे एकदा वायरीतून कानात गेले आणि आता कुणाच्याच मालकीचे नव्हते. बँड सुरू झाला. ती गेटजवळ गेली.

"जोतीराम, डबी बंद होती."

त्याने गेटबाहेर बघतच उत्तर दिलं. "मग करा की चालू."

"म्हणजे लागणार आहे अजून?"

"आवं, भोंगा काय आजच्यापुरता हाय व्हय? पाच म्हैनं हाय. दिवसाला चार येळा." मग जरा आवाज उतरवून, "आज अंगात दसरा हुता, ताई. रोज कुठला आणायचा?"

गेटच्या खोलीत, लालासाहेबांच्या टेबलावर, काडेपेटीतल्या काडीला धोतराची चिंधी गुंडाळून तिने कुंकू काढलं. आतली पट्टी हळदीने पिवळी झाली होती, ती घासली, डबी उघडी करून उन्हात ठेवली. लालासाहेब तिच्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "माझ्या वळखीत तिघं हैत असे. बोलत न्हाईत कुणाला." ती म्हणाली, त्यांचे डावे कान बघायला येईन. दुपारच्या भोंग्याआधी दिवा लागला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून तिने अकरा डब्या केल्या, जावळीतल्या फौजींसाठी आणि किल्लारीच्या भूकंपात घर गमावून मिरजेला राहायला आलेल्या बनुबाईंसाठी, आणि प्रत्येक डबीच्या तळाची भोकं लाखेने बुजवली. पाटीवर 'विष्णुपंत आणि कंपनी' बरेच दिवस तसंच राहिलं. मग विष्णुपंतांनीच एक दिवस रंगाऱ्याला बोलावून कंपनी खोडायला लावलं आणि तिथे क्षमा लिहायला लावलं. ती समोरच्या फुटपाथवर जाऊन, हळदीच्या ट्रकांमध्ये उभी राहून, वाचत राहिली.

दसऱ्याला सकाळी सहा वाजता, खोलीतून निघताना, जोतीरामने बटण तीनदा दाबून पाहिलं होतं. दिवा लागला नव्हता.